धुराआधी माणसं बघा : टर्नरचं ‘लीड्स’ वाचताना

जुन्या शहराचं चित्र समोर आलं की आपण बहुतेक वेळा ‘किती मोकळं होतं सगळं’ असं म्हणतो आणि पुढे जातो. मलाही बरीच वर्षं तेवढंच सुचायचं. पण असं चित्र सावकाश वाचता येतं. कोण कोणतं काम करत होतं, कुणाचं काम हातातून निसटायला लागलं होतं, गावात पैसा कुठून यायला लागला होता, हे सगळं त्या कागदावर असतं. त्यासाठी चित्रकलेचं शिक्षण लागत नाही. एक वही, पेन्सिल आणि तासाभराची सवड पुरते.

शिकायला मी एकच चित्र घेते. जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर या इंग्रज चित्रकाराचं 1816 सालचं ‘लीड्स’ हे जलरंगचित्र. लीड्स हे उत्तर इंग्लंडमधलं यॉर्कशायरचं लोकरी कापडाचं शहर. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरण्या तिथं उभ्या राहून जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती, तेव्हाचं हे चित्र आहे. गिरणगावाशी ज्यांचं नातं आहे त्यांना यातल्या काही गोष्टी न सांगता कळतील. तो आपला फायदा आहे, आणि एका ठिकाणी त्यानंच माझा डोळा उघडला. ते पुढे येईलच.

चित्र मिळवा आणि नुसतं बघा

मूळ चित्र अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतं, हवं तेवढं मोठं करता येतं. मोबाइलवर बघू नका, संगणकावर बघा. एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्या : मूळ कागद सुमारे 29 सेंटिमीटर उंच आणि 43 सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळतो त्या ए-थ्री कागदाएवढा. तेवढ्यात अख्खं शहर, आभाळ, टेकडी आणि काम करणारी माणसं बसवली आहेत. माणसं बोटाच्या पेराएवढी. पडद्यावर मोठं करत गेलं की हे विसरायला होतं.

पहिली दहा मिनिटं चित्राबद्दल काहीही वाचू नका. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘दिसतं’, उजवीकडे ‘वाटतं’. ‘धुराडी आहेत’ हे डावीकडे जाईल. ‘शहर घाण झालंय’ हे उजवीकडे. ही साधी रेघ फार उपयोगी आहे, कारण नवख्या माणसाच्या चुका जवळजवळ सगळ्या उजव्या रकान्यातलं वाक्य डावीकडे लिहिल्यानं होतात.

चित्रकार कुठं उभा आहे?

टर्नरनं ही जागा शहराच्या दक्षिणेला, बीस्टन टेकडीवर निवडली आहे. तो उत्तरेकडे बघतोय. खाली होलबेक हा गिरण्यांचा भाग, त्यापलीकडे एअर नदी, आणि नदीपार जुनं गाव. त्यामुळे चित्रात गिरण्या अलीकडे येतात आणि चर्चचे मनोरे मागे, धुरकट क्षितिजाजवळ.

जागेची निवड ही चित्रकाराची पहिली भूमिका असते. तो नदीपार, गावाच्या बाजूला उभा राहिला असता तर चर्च मोठं दिसलं असतं आणि गिरण्या कुठंतरी मागे राहिल्या असत्या. जुन्या शहराचं कुठलंही चित्र बघताना नकाशा उघडा आणि चित्रकार कुठं उभा असेल तिथं बोट ठेवा. लीड्सचा तर जाइल्स यांनी केलेला 1815 चा नकाशा उपलब्ध आहे, म्हणजे चित्राच्या आदल्याच वर्षाचा. नकाशा आणि चित्र शेजारी ठेवून पाच मिनिटं बसलात तर चित्रातल्या अर्ध्या इमारतींना जागा सापडते.

आता माणसं. इथं घाई करू नका

सगळे आधी वर बघतात, धुराकडे. मी सांगते, खालून सुरुवात करा. एका पुठ्ठ्याला आगपेटीएवढी खिडकी कापा आणि ती छापील प्रतीवर किंवा पडद्यावर ठेवून चित्राच्या तळापासून हळूहळू सरकवा. एका वेळी एकच माणूस बघायचा. त्याच्या हातात काय आहे? डोक्यावर, खांद्यावर काय आहे? तो गावाकडे चाललाय की गावातून येतोय?

टर्नरच्या टेकडीवर दगडी भिंत बांधणारे गवंडी आहेत. कापडाचा गठ्ठा घेऊन चाललेला माणूस आहे. दूध घेऊन फिरणारे आहेत. गवतात आळंबी वेचणारे आहेत. आणि लांबच लांब पांढरं कापड चौकटींवर ताणून वाळत घालणारे कामगार आहेत. उजेड सकाळचा वाटतो, आणि हातपाय हलवत नाही असा माणूस इथं शोधावा लागतो.

त्या काळच्या निसर्गचित्रांत माणसं कशी असायची, हे माहीत असलं की याचं महत्त्व कळतं. एखादा गुराखी, झाडाखाली टेकलेला वाटसरू, हात पुढे करून देखावा दाखवणारं जोडपं. चित्राला खोली यावी म्हणून घातलेली माणसं ती. टर्नरची माणसं कामाला जुंपलेली आहेत आणि प्रत्येकाचं काम ओळखू येतं. सामाजिक बदल वाचायचा असेल तर आपल्याला एवढंच हवं असतं.

ते वाळत घातलेलं कापड जरा जवळून बघा. लोकरीचं कापड विणून झालं की ते पाण्यात कुटतात. त्यानं धागे एकमेकांत घट्ट बसतात, पण कापड आटतं. ओलं कापड तसंच वाळू दिलं तर वेडंवाकडं होतं. म्हणून लाकडी चौकटींच्या लांब रांगा उभ्या करायच्या, त्यांच्या खिळ्यांना कापडाच्या दोन्ही कडा अडकवायच्या आणि ताणून वाळवायचं. त्याला मोकळं माळरान लागतं. आपल्याकडे मागवाल्यांना ताणा पसरून पांजणी करायला, म्हणजे सुताला खळ लावायला, जशी लांबलचक मोकळी जागा लागायची, तसंच. म्हणजे गवताच्या टेकडीवर, आळंबी वेचणाऱ्यांच्या आसपास, एका मोठ्या कापडउद्योगाचा टप्पा उघड्यावर चालू आहे. इथं शेत कुठं संपतं आणि कारखाना कुठं सुरू होतो? रेघ मारता येत नाही. वहीत हे नोंदवा, कारण आपण शाळेत ‘आधी खेडं, मग कारखाना’ असं शिकलेले असतो आणि चित्र तसं सांगत नाही.

हा पांढरा रंग कसा आलाय तेही बघा. जलरंगात पांढरं म्हणजे बहुतेकदा कागद राखणं किंवा रंग वाळल्यावर खरवडून खालचा कागद उघडा करणं. या चित्रात खरवडकाम आहे, हे संग्रहालयाच्या नोंदीतच आहे. जलरंग केलेल्या कुणालाही विचारा, इतक्या छोट्या कागदावर पांढरं नेमकं राखायला किती सांभाळावं लागतं ते. चित्रकारानं कष्ट कुठं घेतलेत, हाही पुरावाच असतो.

एकाच धंद्याचे टप्पे शोधा

माणसांची यादी झाली की ती धंद्यानुसार लावा. कापड वाहणारा, कापड वाळवणारे आणि मागच्या गिरण्या हे तिघं मिळून कापडाची गोष्ट सांगतात.

लीड्सच्या आसपासच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या घरातच कापड तयार व्हायचं. घरधनी लोकर आणायचा, बायकामुलं पिंजायची, सूत काढायची, घरातल्या मागावर विणलं जायचं. मग ते कापड लीड्सच्या कापडबाजारात आणून विकायचं. त्यासाठी अठराव्या शतकात मोठे बाजारवाडे बांधलेले होते, रंगीत कापडाचा वेगळा आणि पांढऱ्याचा वेगळा. चित्रातला गठ्ठा घेऊन चाललेला माणूस त्या जुन्या साखळीतला दिसतो.

आणि त्याच्या मागे गिरण्या. जॉन मार्शलनं 1791 च्या सुमारास होलबेकमध्ये जवसाच्या धाग्याची, म्हणजे लिननच्या सुताची गिरणी उभी केली. बेंजामिन गॉटनं त्याच सुमारास गावाच्या पश्चिमेला बीन इंगची प्रचंड लोकर गिरणी उभारली. मॅथ्यू मरे नावाचा यंत्रकार आधी मार्शलकडेच होता, पुढे त्यानं स्वतःचा कारखाना काढला आणि 1812 मध्ये मिडलटनच्या खाणीतून लीड्सला कोळसा आणायला वाफेचं इंजिन बनवून दिलं. रुळांवरून, दात्यांच्या चाकानं चालणारं. त्याच 1816 सालात लीड्स-लिव्हरपूल कालवा पूर्ण झाला आणि पश्चिम किनाऱ्याच्या बंदरापर्यंत बोटीचा रस्ता उघडला.

जुनं गेलं आणि नवं आलं, असं चित्र सांगतच नाही. खांद्यावरचा गठ्ठा आणि वाफेची गिरणी एकाच सकाळी, एकाच उजेडात आहेत. बदलाच्या मधोमध उभं राहिल्यावर असंच दिसतं. लालबाग-परळमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षं चाळीच्या गॅलरीतून समोरचा काचेचा मनोरा दिसतो, तसं.

धूर : माझी चूक

पहिल्यांदा हे चित्र मी एका छोट्या अभ्यासगटाला दाखवलं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं की टर्नरनं प्रदूषणावर बोट ठेवलंय. मागच्या खुर्चीवर एक निवृत्त गिरणी कामगार बसले होते. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, आयुष्य काढलेले. ते म्हणाले, ‘बाई, धूर येतोय म्हणजे पाळी चालू आहे.’ एवढंच बोलले आणि गप्प झाले.

मी घरी जाऊन चित्र पुन्हा उघडलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि चिमण्या थंड झाल्या. त्या थंड चिमण्या ज्यांनी घराच्या खिडकीतून बघितल्या, त्यांना धुराचा अर्थ माझ्यापेक्षा वेगळा लागणारच. 1816 च्या लीड्समध्येही धूर म्हणजे आधी काम, मागणी, पैसा. चित्रात तो धुक्यात आणि ढगांत असा मिसळलाय की कुठला कोणता, ते सांगता येत नाही. काळाकुट्ट फराटा कुठंच नाही. भयानक काही दाखवायचं असतं तर ते टर्नरच्या हातात होतं, त्यानं वादळं आणि बर्फाचे कडेलोट रंगवलेत.

म्हणून धूर चांगला, असंही धरून बसू नका. गॉटच्या गिरणीचा धूर जवळच्या पार्क स्क्वेअरमधल्या श्रीमंत घरांवर यायचा आणि तिथल्या लोकांना तो नकोसा झाला होता. म्हणजे एकाच धुराचे दोन अर्थ एकाच गावात होते, आणि कुणाचं घर कुठं होतं त्यावर ते ठरत होते. तुमच्या वहीत उजव्या रकान्यात ‘वाटतं’ म्हणून जे लिहिलंय त्याच्यापुढे आता ‘कुणाला?’ असं लिहा. हा एक शब्द लावायची सवय लागली की वाचन बदलतं.

बाहेरचा पुरावा आणा, पण मोजका

इथपर्यंत आल्यावर पुस्तकं आणि नोंदी उघडा. आधी उघडल्या तर डोळे आळशी होतात.

तीन प्रकारचे पुरावे पुरतात. नकाशा आपण बघितला. दुसरी जनगणना. ब्रिटनमध्ये ती 1801 पासून दर दहा वर्षांनी होते. 1801 मध्ये लीड्सची वस्ती सुमारे 53 हजार होती, 1831 मध्ये सुमारे 1 लाख 23 हजार. तीस वर्षांत दुपटीहून जास्त. आता पुन्हा त्या गवंड्यांकडे आणि दूधवाल्यांकडे बघा. वाढत्या गावाला दगड लागतो आणि दूध लागतं. ती माणसं चित्रात शोभेला आलेली नाहीत. गावाचं पोट भरणारी आणि गाव बांधणारी माणसं आहेत ती, आणि आकडा हातात आल्यावर ती अचानक पुढे येतात.

तिसरा, चित्राच्या आगेमागे काय घडलं ते. 1815 मध्ये वॉटर्लूची लढाई झाली, नेपोलियनशी चाललेलं दीर्घ युद्ध संपलं आणि सैन्याच्या गणवेशासाठीची कापडाची मागणीही आटली. 1816 चा उन्हाळा युरोपभर थंड आणि पावसाचा होता, कारण आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. धंदा मंद आणि पाऊस थांबेना, असं ते साल. आणि चित्रात स्वच्छ उजेड, वाळणारं कापड. यातून काय घ्यायचं? टर्नर खोटं बोलतोय असं मुळीच नाही. तो जागेवर पेन्सिलीनं रेखाटन करायचा आणि रंगकाम नंतर सावकाश. त्यामुळे असं चित्र म्हणजे एका दिवसाची बातमी नसते. अनेक दिवसांचं बघणं एका सकाळीत गोळा केलेलं असतं. तारीख बघून त्या दिवसाचं हवामान ठरवू नका, तसंच त्या दिवसाची सुबत्ताही ठरवू नका.

चित्र कुणासाठी?

हे थोडक्यात, पण चुकवू नका. टर्नर लंडनचा, न्हाव्याचा मुलगा, 1775 चा जन्म. लीड्सपासून जवळच फार्नली हॉल इथं वॉल्टर फॉक्स हा त्याचा मित्र आणि आश्रयदाता राहायचा. राजकीय सुधारणांच्या बाजूनं आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलणारा जमीनदार. टर्नर त्याच्याकडे वरचेवर मुक्कामाला असे, म्हणून हा मुलूख त्याला पायाखालचा होता. ‘लीड्स’वरून 1823 मध्ये शिळाछापही निघाला, म्हणजे हे दृश्य विकत घेणारं गिऱ्हाईक होतं.

आणि एक मजेची तुलना. लीड्सजवळच कर्कस्टॉल मठाचे भग्न अवशेष आहेत. टर्नर 1797 मध्ये तिथं आला होता आणि त्यानं ते रंगवले. तेव्हाचे चित्रकार तिथं जायचेच, त्याच्याच वयाचा थॉमस गर्टिनही गेला. वेलींनी झाकलेल्या कमानी हा तेव्हाचा ‘चित्र काढण्यालायक’ विषय. त्याच गावाच्या वेशीवर, एकोणीस वर्षांनी, तोच चित्रकार गिरण्यांकडे तोंड करून उभा राहिला. काय बघण्यालायक आहे याची समजूत बदलणं, हाही सामाजिक बदलच आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा.

काय नाही, ते मोजा

ही पायरी नवख्यांना अवघड वाटते, मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. चित्र गिरणीच्या भिंतीपाशी थांबतं. खिडक्यांच्या रांगांवर रांगा दिसतात, पण आत कोण आहे ते दिसत नाही. आत लहान मुलं होती. यॉर्कशायरच्या गिरण्यांतल्या मुलांच्या हालांबद्दल रिचर्ड ओस्टलरचं पत्र लीड्सच्याच वृत्तपत्रात आलं आणि खळबळ उडाली, ते 1830 मध्ये.

कातरणारेही दिसत नाहीत. तयार कापडावरची लव जड कातरीनं कापून ते गुळगुळीत करणारे हे कसबी कारागीर. यंत्रानं त्यांचं कसब काढून घ्यायला सुरुवात केली होती. 1812 च्या एप्रिलमध्ये लीड्सपासून काही मैलांवरच्या रॉफोल्ड्स गिरणीवर त्यांनी रात्री हल्ला केला. यंत्रं फोडणाऱ्या ज्या कामगारांना लडाइट म्हणतात, त्यांतलेच हे लोक. पुढच्या जानेवारीत यॉर्कला 17 जणांना फाशी झाली. चित्राच्या जेमतेम साडेतीन वर्षं आधी. टर्नरच्या सकाळी याचा मागमूस नाही.

याचा दोष चित्रकाराला देण्यात अर्थ नाही. टेकडीवरून जे दिसतं तेच टेकडीवरून दिसतं. पण वाचणाऱ्यानं वहीत तिसरा रकाना आखायचा, ‘दिसत नाही’. त्यात मुलं लिहायची, कातरणारे लिहायचे, गिरणीतल्या बायका लिहायच्या. काय गाळलंय याचा अंदाज नुसत्या मनानं करायचा नाही. जे त्या वेळी त्या जागी होतं असं दुसरीकडून पक्कं कळतं, तेच या रकान्यात जातं.

शेवटी पाच ओळी लिहा

वही बंद करण्याआधी चित्राबद्दल पाचच ओळी लिहा, आणि प्रत्येक ओळीत चित्रातली एक तरी दिसणारी वस्तू असू द्या. ‘औद्योगिकीकरणामुळे समाज बदलला’ ही ओळ चालणार नाही, ती चित्र न बघताही लिहिता येते. ‘कापड अजून उघड्या माळावर वाळतंय, पण त्यामागे अनेक मजली गिरणीच्या खिडक्या दिसतात’ ही चालेल.

मग दुसरं चित्र घ्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईचं बरंच काही बघायला मिळतं, आणि परदेशी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर एकोणिसाव्या शतकातली मुंबई-पुण्याची जलरंगचित्रं सापडतात. मुंबईचं चित्र असेल तर आधी साल बघा. पहिली कापडगिरणी उभारायचं ठरलं 1854 मध्ये, ती सुरू झाली 1856 मध्ये. चित्र त्याच्या आधीचं की नंतरचं? मग पुठ्ठ्याची खिडकी तळाशी ठेवा आणि सरकवायला लागा. पहिला माणूस सापडला की थांबा. त्याच्या डोक्यावर काय आहे?